काचेला पर्याय देणारे ऑटो रोह्म

काच पारदर्शक असते. परंतु ती जड असते आणि जोराचा आघात होताच तिचे तीक्ष्ण तुकडे होतात. हे दोष टाळणारे पारदर्शक द्रव्य मानवाला मिळवून देणाऱ्यांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोह्म यांचे नाव अग्रभागी आहे.

रोह्म यांचा जन्म १४ मार्च १८७६ रोजी जर्मनीतील ओह्रिंगेन या गावी झाला. प्रारंभी त्यांनी औषधालयात उमेदवारी केली व नंतर रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १९०१ साली त्यांनी ट्यूबिंगेन विद्यापीठात अ‍ॅक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या पदार्थांवर प्रबंध सादर केला. पुढे मात्र हा विषय बराच काळ मागे पडला.

त्या काळी कातडी मऊ करण्यासाठी कुत्र्यांची विष्ठा वापरली जाई. हे काम किळसवाणे व आरोग्यास घातक होते. रोह्म यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरांपासून त्याला स्वच्छ पर्याय शोधला. १९०७ साली त्यांनी ऑटो हास या मित्रासह कारखाना काढला. चर्मोद्योगातील कामगारांची एका घाणेरड्या कामातून सुटका होऊ लागली.

व्यवसायात स्थैर्य आल्यावर रोह्म आपल्या जुन्या विषयाकडे वळले. दोन काचांमध्ये अ‍ॅक्रिलिक द्रव ओतून न विखुरणारी काच बनवण्याचे प्रयोग त्यांच्या प्रयोगशाळेत सुरू होते. द्रव घट्ट झाला. पण तो काचांना चिकटून न राहता सुटा झाला. हाती आला एक स्वच्छ, हलका, पारदर्शक तक्ता! फसलेल्या प्रयोगातूनच नवे द्रव्य गवसले. १९३३ साली ‘प्लेक्सिग्लास’ या नावाची नोंदणी झाली.

लवकरच या द्रव्याचा उपयोग लढाऊ विमानांत होऊ लागला. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच महिन्यात, सप्टेंबर १९३९ मध्ये, रोह्म यांचे निधन झाले.

युद्धात जखमी झालेल्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत या द्रव्याचे कण रुतले होते. तरीही डोळ्यांना त्यांची फारशी बाधा झाली नाही. हे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडले यांच्या लक्षात आले. त्यांनी १९४९ साली मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच द्रव्याचे भिंग बसवले. पुढे १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल यांनी याहूनही आघातसह असे पॉलिकार्बोनेट तयार केले.

युद्धाच्या विमानांत वापरले गेलेले द्रव्य अखेर असंख्य वृद्धांना दृष्टी देणारे ठरले. रोह्म यांच्या कार्याची ही सर्वांत मोठी सार्थकता होय.