धनुर्वाताचा जंतू वेगळा करणारे डॉ. किटासाटो

रोग्याचे अंग धनुष्यासारखे वाकते म्हणून या रोगाला धनुर्वात हे नाव पडले. पायात गंजका खिळा गेला किंवा बाळाची नाळ अस्वच्छ विळ्याने कापली, की तो घरात शिरे आणि वैद्याला हात टेकण्यावाचून गत्यंतर नसे. या रोगाविरुद्ध पहिली ढाल तयार करणाऱ्यांत जपानचे डॉ. शिबासाबुरो किटासाटो अग्रभागी होते.

त्यांचा जन्म १८५३ साली क्यूशू बेटावरील एका डोंगराळ खेड्यात झाला. १८८३ साली टोकियो येथे त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. पुढे सरकारने त्यांना जर्मनीस पाठविले व बर्लिन येथे ते डॉ. रॉबर्ट कॉख यांचे शिष्य झाले.

धनुर्वाताचे मूळ मातीत आहे हे १८८४ साली निकोलायर यांनी दाखविले होते. पण तो जंतू इतर जंतूंपासून वेगळा काढणे कोणास जमेना. सोबत्यांवाचून तो वाढतच नाही, असे काही विद्वान म्हणू लागले. किटासाटो यांना हे पटले नाही. हा जंतू बीजरूप धारण करतो आणि ते बीज उष्णता सोसते, हे ध्यानी घेऊन त्यांनी जंतूंचे मिश्रण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले. इतर जंतू मेले, हा उरला. प्राणवायूत तो वाढत नाही, म्हणून त्यांनी तो हायड्रोजन वायूत वाढविला. १८८९ साली शुद्ध जंतू हाती आला.

प्राण घेते ते या जंतूने सोडलेले विष. १८९० साली किटासाटो व एमिल फॉन बेरिंग यांनी सशांना या रोगापासून सुरक्षित केले आणि त्यांच्या रक्तातील सीरम उंदरांना टोचले. उंदीर वाचले! याच रीतीने घटसर्पावरही सीरम निघाले आणि त्यासाठी १९०१ चे नोबेल पारितोषिक एकट्या बेरिंग यांना मिळाले.

किटासाटो तोवर मायदेशी परतून कामाला लागले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या शिगा यांनी १८९७ साली आमांशाचा एक जंतू शोधला. १९१४ साली सरकारने त्यांची संशोधनसंस्था त्यांना न विचारता दुसऱ्या खात्याकडे दिली, तेव्हा त्यांनी राजीनामा देऊन स्वतःची संस्था उभारली. १९३१ साली ते निवर्तले.

सीरमचे संरक्षण काही आठवडेच टिके. १९२०च्या दशकात फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी फॉर्मॅलिनने विष निरुपद्रवी करून लस बनविली. तिच्यामुळे शरीर स्वतःच प्रतिकार करू लागते. गरोदर मातेला ती दिल्याने बाळही वाचते. लस आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे माता व नवजात बालकांचा धनुर्वात ही भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असे २०१५ साली जाहीर झाले.

तरी मातीतले बीज नाहीसे झालेले नाही. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणून शेजाऱ्याने लस घेतली तरी आपले रक्षण होत नाही. आपण ती शेवटची केव्हा घेतली, हे प्रत्येकाने आजच आठवून पाहावे.