बाबासाहेबांच्या शिक्षणाचा खर्च



आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली पुढे भालकी, उदगीर, बीदर, लातूर येथे जाऊन पदवी घेतात. काहीजण बी.एड. करतात आणि बहुतेकांचे शिक्षण तेथेच थांबते. एम.एड. किंवा पीएच.डी.चा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न पैशाचा येतो. तो प्रश्न खोटा नाही. सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या घराला आणखी चार-पाच वर्षांचा खर्च झेपत नाही. बाहेरून मदत मिळू शकते हे अनेकांना माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते त्यांना अर्ज करण्याचा संकोच वाटतो.

म्हणून या अंकात आम्ही भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने सांगत आहोत. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या शिक्षणाला पैसा कोणी दिला, कोणत्या अटींवर दिला आणि तो संपला तेव्हा त्यांनी काय केले, हे आपल्या पदवीधरांनी मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार हे लष्करातून निवृत्त झालेले, शिक्षणाची मोठी आवड असलेले गृहस्थ. पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहू लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, म्हणून त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. परंतु गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना पेलेना, तेव्हा गुरुजींनीच या मुलाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेले. महाराजांनी प्रश्न विचारून मुलाची पारख केली आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. त्या आधारावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले. घरातला आधार गेला आणि संसाराचा भार अंगावर आला. अशा वेळी बहुतेक तरुण पुढच्या शिक्षणाचा विचार सोडून देतात. भीमरावांनी तो सोडला नाही. महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवण्याचा विचार करीत आहेत हे कळताच ते स्वतः महाराजांना भेटले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे रीतसर अर्ज केला.

जून १९१३ मध्ये करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी. शिष्यवृत्ती म्हणजे फुकटचा पैसा असे समजणाऱ्यांनी ही शेवटची अट नीट पाहावी.

न्यूयॉर्कला पोहोचल्यावर त्या साडेअकरा पौंडांतून त्यांना स्वतःचा खर्च भागवायचा होता आणि घरीही पैसे पाठवायचे होते. त्यांनी खाण्यापिण्यात काटकसर केली आणि दिवसाचे बरेच तास ग्रंथालयात घालवले. वाचलेल्या पैशातून जुनी पुस्तके घेतली. अर्थशास्त्र हा मुख्य विषय होता, पण समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास त्यांनी केला. अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि शिक्षणविचारासाठी जगभर प्रसिद्ध असलेले जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. आपले बी.एड.चे विद्यार्थी ज्या ड्यूईंचा धडा परीक्षेसाठी वाचतात, त्यांच्या वर्गात बाबासाहेब बसले होते. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला.

तीन वर्षे संपली होती, पण त्यांना लंडनलाही शिकायचे होते. त्यांनी मुदत वाढवून मागितली आणि थोडी वाढ मिळाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. अभ्यास रंगात आला असतानाच १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचे बडोद्याहून कळवण्यात आले. परत येणे भाग होते. निघण्यापूर्वी त्यांनी एक महत्त्वाचे काम केले. अपुरा राहिलेला अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करता येईल अशी परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पैसा संपला तरी दार बंद होऊ दिले नाही. ते महायुद्धाचे दिवस होते. जमवलेली पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज शत्रूने बुडवले.

कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. पण एवढ्या शिकलेल्या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळेना. ओळख लपवून एका पारशी वसतिगृहात राहावे लागले. तेथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली आणि ते मुंबईला परतले. शिष्यवृत्तीने पदवी दिली, पण समाजाने राहायला खोली दिली नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तेथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली. ते पगारातून पैसे बाजूला टाकत राहिले, कारण चार वर्षांची मुदत डोक्यात होती. चाळीतला संसार ठरवून दिलेल्या रकमेत चालवण्याचे अवघड काम रमाबाईंनी केले. पती परदेशी असताना मुलांची आजारपणे आणि मृत्यू त्या माउलीने सोसले. बाबासाहेबांच्या पदव्यांत त्यांचाही वाटा आहे हे आपण विसरू नये.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. यावेळी एकच मोठी शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःची बचत, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज, अशी तीन ठिकाणची जुळवाजुळव करून ते दिलेल्या मुदतीत लंडनला पोहोचले. अपुऱ्या जेवणावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. केले, नंतर बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाचा प्रबंध मात्र छापून द्यावा लागत असे. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि १९२७ मध्ये पीएच.डी. रीतसर हाती आली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

करारातली दहा वर्षे भरता आली नाहीत. पण घेतलेले त्यांनी परत केले, आणि ते दुसऱ्या विद्यार्थ्यांना. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते मिळाल्यावर त्याच वर्षी त्यांनी सरकारला निवेदन देऊन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील व परदेशातील उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४ मध्ये त्यासाठी केंद्र सरकारने वर्षाला ३ लाख रुपये मंजूर केले. आज आपल्या घरोघरी माहीत असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तेथून सुरू झाली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, या संस्थेचे कॉलेज निघाले. त्यावेळी ते शहर आणि आपला बीदर जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते.

आता आपल्या पदवीधरांसाठी थोडे कामाचे. शिक्षणशास्त्रात एम.एड. किंवा एम.ए. करणाऱ्यांना नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवता येते. तिला वयाची मर्यादा आहे, म्हणून उशीर करू नये. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून चालू आहे. मुंबईचे १८९२ साली स्थापन झालेले जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. आपण मराठी असलो तरी रहिवासी कर्नाटकाचे आहोत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती तेथील रहिवाशांसाठी आहे. उदगीरच्या मित्राला मिळाली म्हणून कमलनगरच्या मुलाला मिळेलच असे नाही. त्याने कर्नाटक समाजकल्याण खात्याच्या योजना पाहाव्यात. अर्जापूर्वी रहिवास, जात व उत्पन्नाचे दाखले काढून ठेवावेत, आणि सही करण्यापूर्वी अटी दोनदा वाचाव्यात.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाने अर्ज केला तर त्यात कमीपणा मानू नये. शिक्षकांनाही सांगणे आहे की वर्गात एखादा हुशार पण अडचणीतला विद्यार्थी दिसला, तर केळूसकर गुरुजींप्रमाणे त्याला योग्य दारापर्यंत नेऊन सोडावे. एम.एड. किंवा पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी कागदपत्रे घेऊन शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे. अर्ज भरण्यास आम्ही सोबत बसू.