सेनापती संताजी घोरपडे : बाहेर अजिंक्य, घरात पराभूत



मोगलांचे घोडे पाणी पिताना बिचकत, कारण पाण्यात त्यांना संताजी-धनाजी दिसत, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. ही दोन नावे आपण एका दमात घेतो. पण हेच दोघे पुढे एकमेकांविरुद्ध फौजा घेऊन उभे राहिले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. आज आम्ही संताजी घोरपडे यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत, आणि तो कटू भागही वगळत नाही.

संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे हे स्वराज्याचे सेनापती होते. सन १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले, तेव्हा त्यांना वाचवताना म्हाळोजी धारातीर्थी पडले. पुढच्याच महिन्यात महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगडही गेला. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र राजाराम महाराज आपल्या पन्हाळ्यावरून निघून दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. खजिना रिकामा, राजा दूर आणि औरंगजेब बादशहा स्वतः महाराष्ट्रात तळ देऊन बसलेला. अशा वेळी संताजी आणि धनाजी जाधव यांनी घोडदळाच्या जोरावर मराठी राज्य जिवंत ठेवले.

मोगली फौज तोफा, तंबू आणि बाजारबुणगे ओढत सावकाश चाले. संताजींचे स्वार हलके व चपळ. शत्रूची रसद तोडायची, त्याला पाण्यावाचून कोंडायचे आणि तो थकला की घाला घालायचा, ही त्यांची रीत. डिसेंबर १६९२ मध्ये त्यांनी कांचीजवळ अलीमर्दान खानाला कैद केले. त्याच सुमारास धनाजींनी जिंजीपुढे इस्माईल खान मका याला पकडले. दोघांच्या या दुहेरी माऱ्यामुळे जिंजीला वेढा घालून बसलेल्या झुल्फिकार खानाला जानेवारी १६९३ मध्ये वांदीवाशला माघार घ्यावी लागली. दोघे एकदिलाने लढले म्हणजे काय होते, ते येथे दिसले.

सन १६९५ च्या नोव्हेंबरात चित्रदुर्गाजवळच्या दोड्डेरीच्या लहानशा गढीत संताजींनी कासीम खानाला कोंडले. आत अन्न संपले, खान तेथेच मेला आणि उरलेल्या सरदारांनी वीस लाखांची खंडणी कबूल करून जीव वाचवला. दोनच महिन्यांनी, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टण येथे हिंमत खान लढाईत ठार झाला. मोगलांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की संताजींपुढे आलेला सरदार मारला जाई, पकडला जाई किंवा फौज गमावून परते.

शत्रूने असा मान दिला. घरात मात्र वेगळेच घडत होते. संताजींची शिस्त अतिशय कडक होती. चुकणाऱ्याला ते कठोर शिक्षा करीत. यशाबरोबर त्यांचा शब्दही तिखट झाला होता. राजाराम महाराजांशी त्यांचे खटके उडू लागले. धनाजी गोड बोलून माणसे जोडणारे, त्यामुळे दरबाराचा कल त्यांच्याकडे झुकला. सन १६९६ मध्ये दक्षिणेत दोघांची उघड लढाई झाली. संताजी जिंकले. धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर हाती सापडले, त्यांना संताजींनी हत्तीच्या पायी दिले. रागाच्या भरात केलेले हे कृत्य त्यांना फार महाग पडले.

पुढे सेनापतीपद धनाजींकडे गेले. सन १६९७ मध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा संताजींचेच सरदार त्यांना सोडून गेले. एकाकी भटकत ते शंभू महादेवाच्या डोंगरांत आले. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी माने यांना दिली होती. त्या नागोजींनी जून १६९७ मध्ये ओढ्यावर स्नान करताना संताजींना गाठून ठार केले. त्यांचे मस्तक औरंगजेबाच्या छावणीत पोहोचले. बादशहाच्या एकाही सरदाराला जे जमले नव्हते, ते आपल्याच माणसांनी करून दिले.

दोष कोणाचा? आम्हाला वाटते, दोघांचाही आणि त्यांच्यातला तंटा वेळीच न मिटवणाऱ्या दरबाराचाही. शत्रूशी आपले नाते सरळ असते. तो आपल्याला सावध ठेवतो. सहकाऱ्याशी असलेली स्पर्धा मात्र हळूहळू वाढते, आणि ती न्यायाची भाषा बोलते म्हणून ओळखू येत नाही. आपण बरोबर आहोत या खात्रीतूनच माणूस क्रूर होतो. आपल्या घरांत, भावाभावांत, आपल्या धर्मग्रामाच्या मंडळांत हे आपण पाहतोच. काम करणारे दोघेही चांगले असतात; मध्ये पडून समेट घडवणारा तिसरा कोणी नसतो.

सगळेच लोक मात्र संताजींना सोडून गेले नाहीत. त्यांच्या पदरी असलेले नारो महादेव जोशी यांनी त्यांच्या कुटुंबाला साथ दिली आणि कृतज्ञतेने घोरपडे हेच आडनाव लावले. इचलकरंजीचे घोरपडे घराणे ते हेच.

संताजींची समाधी कुरुंदवाडला आहे. धनाजी सन १७०८ मध्ये वारले. त्यांची समाधी पेठ वडगावला आहे. दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यात. सुट्टीत मुलांना घेऊन एका दिवसात दोन्ही ठिकाणे पाहून होतील. पण मुलांना पाण्यात दिसणाऱ्या घोडेस्वारांच्या गोष्टीबरोबर ही दुसरी गोष्टही सांगावी, आणि घरी परतण्यापूर्वी ज्याच्याशी आपण बोलणे टाकले आहे त्याच्या दारावरून एकदा जाऊन यावे.