बिनफिरकीचा बादशहा

रिलीफ पिचरची नोकरी मोठी निर्दयी असते. सामना अर्धा-अधिक झालेला, आपला पहिला पिचर दमलेला, आघाडी जेमतेम एका धावेची, आणि अशा वेळी याला बोलावणे येते. त्याच्या हातून एकच होम रन गेला की आधीच्या सगळ्यांची मेहनत मातीमोल. म्हणूनच या माणसांची पारख करताना मी आधी एक आकडा पाहतो. दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्याइतक्या पिचिंगमागे, त्याने होम रन किती दिले? या कसोटीवर हॉइट विल्हेल्म हा माणूस मला विलक्षण वाटतो.

१९२२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात तो जन्मला. शाळकरी वयात डच लिओनार्ड या पिचरविषयीचा मजकूर व छायाचित्र त्याने वर्तमानपत्रात पाहिले आणि 'नकलबॉल'ची पकड आपली आपणच शिकला. हा चेंडू बोटांच्या टोकांवर धरून असा सोडायचा की त्याला गिरकी जवळजवळ मिळतच नाही. मग शिवणीवर हवेचा दाब कमी-जास्त होतो आणि संथ येणारा चेंडू ऐनवेळी कुठेही डुलतो. क्रिकेटचा फिरकी गोलंदाज चेंडू फिरवण्यासाठी आयुष्य वेचतो. याने तो न फिरवण्यासाठी वेचले.

मध्येच महायुद्ध आले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात बल्जच्या लढाईत तो जखमी झाला. लोखंडाचा तुकडा पाठीत घेऊनच तो पुढे खेळला. युद्धानंतरही दुय्यम लीगमध्ये त्याची कित्येक वर्षे गेली, कारण या लहरी चेंडूवर विसंबायला कोणी तयार नव्हते. १९५२ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला उतरवले तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याच वर्षी फलंदाज म्हणून पहिल्याच संधीला त्याने होम रन मारला आणि नंतर २१ मोसमांत एकही नाही! मात्र पिचर म्हणून ७१ सामन्यांत १५ विजय, ३ पराभव आणि नॅशनल लीगमधील सर्वांत कमी धावांची सरासरी, २.४३.

आता तो आकडा. विल्हेल्मने कारकिर्दीत सुमारे २,२५४ इनिंग टाकल्या आणि १५० होम रन दिले. म्हणजे दर नऊ इनिंगमागे ०.६०. दोन्ही मेजर लीग मिळून १९६१ मध्ये एका संघामागे दर सामन्याला सुमारे ०.९५ होम रन पडत होते. १९६८ हे पिचरांच्या वर्चस्वाचे वर्ष. तेव्हा हा आकडा ०.६१ पर्यंत घसरला आणि पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा कमी करावा लागला. इतरांना एका वर्षी लाभलेला सुकाळ या माणसाने २१ वर्षांच्या सरासरीत टिकवला!

हिशेबात थोडी सावधगिरी हवी. १९६३ ते १९६८ तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे होता आणि त्यांचे मैदान होम रनला कंजूष. पण सुरुवातीची वर्षे गेली ती न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, जिथे उजवीकडची सीमा जेमतेम २५८ फुटांवर होती. शिवाय नकलबॉलला चुकून जराशी गिरकी मिळाली तर तो निव्वळ संथ, मारायला सोपा चेंडू ठरतो. म्हणजे ०.६० हे केवळ चेंडूच्या लहरीचे नव्हे, बोटांवरील हुकमतीचे फळ.

किंमत मात्र कॅचरनी मोजली. १९५९ मध्ये बाल्टिमोरच्या कॅचरांच्या हातून ४९ चेंडू निसटले, बहुतेक त्याचेच. पुढच्या वर्षी व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी भलामोठा मिट बनवून घेतला. त्याआधी १९५८ च्या सप्टेंबरात, पहिल्यापासून पिचिंग करताना, विल्हेल्मने यांकीजना एकही हिट न देता १-० ने हरवले होते. ती एकमेव धाव कॅचर गस ट्रायँडोसच्या होम रनची!

१९७२ मध्ये, पन्नाशी काही दिवसांवर असताना, तो थांबला. नऊ संघ, १,०७० सामने. १९८५ मध्ये हॉल ऑफ फेमने प्रथमच एका रिलीफ पिचरला आत घेतले, तो विल्हेल्म. २००२ मध्ये तो गेला. ज्या चेंडूवर कोणी विसंबत नव्हते, त्याच चेंडूवर नऊ संघांनी आपल्या निसटत्या आघाड्या सोपवल्या होत्या.