शिकायला लंडन, सेवेला सुरत : डॉ. रखमाबाईंची गोष्ट

अथाल (सिल्वासा), प्रतिनिधी : बारावीचे निकाल लागले की आपल्या भागात एक विषय हमखास निघतो. सिल्वासा असो, नरोली असो की इकडे तलासरी-डहाणू, अमक्याचा मुलगा डॉक्टरकीला रशियाला चालला, तमक्याची मुलगी कॅनडाला निघाली, अशा गप्पा सुरू होतात. मग कुणीतरी विचारतंच, इथे कॉलेजं नाहीत का, बाहेर जायची गरज काय? हा प्रश्न नवा नाही. १८८९ साली मुंबईची एक मराठी बाई लंडनला डॉक्टर व्हायला गेली आणि परत आल्यावर आपल्या शेजारी सुरतेत येऊन राहिली. तिचं नाव डॉ. रखमाबाई. त्यांच्यावर सिनेमा निघाला, नाव पुस्तकांत आहे, पण सुरतेत त्यांनी इतकी वर्षं काढली हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. म्हणून ही गोष्ट.

अकराव्या वर्षी लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. समाज सुतार. मुलगी जेमतेम अडीच वर्षांची असताना वडील गेले. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मोकळीक होती, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. वडिलांची मालमत्ता रखमाच्या नावावर झाली. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतलं मोठं नाव, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे. सावत्र बाप असूनही त्यांनी या मुलीला जीव लावला आणि वाचायला उत्तेजन दिलं.

तरी काळाची रीत सुटली नाही. अकराव्या वर्षी रखमाचं लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी लावून दिलं. मुलगी मात्र माहेरीच राहिली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून ती घरीच शिकत होती. तिकडे दादाजींचं शिक्षण अर्धवट राहिलं, तब्येत बिघडली, कमाईचा पत्ता नाही. त्या घरी नांदायला जायचं नाही, असं रखमाबाईंनी मनाशी ठरवलं.

कोर्टाची पायरी

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, बायको नांदायला पाठवा म्हणून. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, अजाण वयात लावलेल्या लग्नासाठी मोठ्या झालेल्या बाईवर जबरदस्ती करता येणार नाही, असा त्याचा आशय. यावरून गदारोळ उठला. मलबारी, पंडिता रमाबाई ही मंडळी रखमाबाईंच्या बाजूने. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी विरोधी भूमिका घेतली. इंग्रज न्यायाधीशाने आमच्या धर्मात हात घालू नये, असा तो सूर होता.

अपिलात हा निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी सांगून टाकलं, की कैद चालेल पण जाणार नाही. पाठीशी उभे राहणारे डॉ. सखाराम अर्जुन तोवर वारले होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नांदायला लावण्याचा हा दावा मुळात इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आला. त्या इंग्लंडात अशा कारणावरून कैद करण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. इकडे ती चालूच होती.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. २,००० रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाईंचा तुरुंग टळला. लग्न मात्र मोडलं नाही, कारण तेव्हा हिंदू बाईला घटस्फोटाची सोयच नव्हती.

मग लंडनच का?

आता मूळ प्रश्न. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज होतं. १८८३ पासून तिथे मुलींनाही घेऊ लागले होते. मग बोटीत बसून परमुलखात कशाला? कॉमर्सवाल्याच्या सवयीने हिशेब मांडला तर तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण बदनामीचं. चार वर्षं ज्या बाईचं नाव पेपरात आणि चव्हाट्यावर होतं, तिला त्याच शहरात रोज वर्गात जाऊन बसायचं होतं. तिथे डॉक्टर होण्याआधी तिची ओळख खटल्यातली बाई हीच राहिली असती.

दुसरं, लंडनमधली शाळा. तिथे १८७४ पासून खास बायकांसाठी मेडिकल स्कूल चालू होतं आणि रॉयल फ्री हॉस्पिटलात रोग्यांसमोर शिकायची सोय होती.

तिसरं आणि मोठं कारण म्हणजे वाट दाखवणारं माणूस. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना धीर दिला, पैसे उभे करायला मदत केली. या पीचीबाईंची स्वतःची कथाही तशीच. एडिनबरा विद्यापीठाने त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना वर्गात घेतलं, पण पदवी नाकारली. शेवटी त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जाऊन एम.डी. केलं. म्हणजे इंग्रज बाईलासुद्धा घरचं दार बंद म्हणून परदेश गाठावा लागला होता. परदेशी जाण्यामागे नेहमी हौसच असते असं नाही, हे यावरून कळतं.

आनंदीबाईंचं उदाहरणही तेव्हा ताजं होतं. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई यांच्या वयात जेमतेम चार महिन्यांचं अंतर. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि परत येऊन २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने गेल्या. त्यानंतर सहाच दिवसांनी रखमाबाईंना कैदेचा आदेश झाला. इतकं सगळं समोर असताना ही बाई दोन वर्षांनी बोटीत चढली, हे लक्षात घ्या.

लंडनमध्ये मॅक्लारेन कुटुंबाचा त्यांना आधार मिळाला. पाच वर्षं शिकून, शेवटची परवाना परीक्षा स्कॉटलंडमध्ये देऊन १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या तिकडे शिकत असतानाच, १८९१ मध्ये, इथे संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर्षं झालं. त्या वादाला रखमाबाईंच्या खटल्यानेच धार आली होती.

सुरतेची वर्षं

परत आल्यावर मुंबईत थोडं काम करून त्या सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात आल्या. दोन दशकांहून जास्त काळ त्यांनी सुरतेत काढला. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा न दाखवणाऱ्या घरांतल्या बायका, बाळंतपणं, आणि १८९६ नंतर प्लेग. प्लेगच्या काळातल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पुढे १९१८ च्या सुमारास सरकारी विमेन्स मेडिकल सर्व्हिसची नोकरी नाकारून त्या राजकोट संस्थानच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि १९३० च्या आसपास निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. दोन्ही मिळून पस्तीस वर्षांची सेवा, आणि ती सगळी गुजरातेत.

१९०४ मध्ये दादाजी वारले. तेव्हा रखमाबाईंनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नासाठी त्या तुरुंगात जायला तयार होत्या, पण नांदायला नव्हत्या, त्याच लग्नाची ही खूण. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. नाव मात्र त्यांनी कुणाचं लावलं नाही. डॉ. रखमाबाई, एवढंच.

त्यांच्या सुरतेच्या वर्षांत अथाल, नरोली, सिल्वासा हा सगळा मुलूख पोर्तुगीजांचा. सिल्वासा मुक्त झालं २ ऑगस्ट १९५४ ला. रखमाबाई तेव्हा मुंबईत होत्या, नव्वदीला टेकलेल्या. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, घटस्फोटाची वाट खुली झाली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला त्या गेल्या.

आजच्या पालकांसाठी

आता आपल्याकडे २०१९ पासून सिल्वासात नमो मेडिकल कॉलेज आहे. तरी सगळ्यांना जागा मिळत नाही आणि मुलं बाहेर जातात. जाऊ द्यावं, पण हिशेब करून. वैद्यकीयला परदेशी जायचं तर नीट पास असणं सक्तीचं आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी. परत आल्यावर इथली परीक्षा पास झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. एजंट फी सांगतो, हे सांगेलच असं नाही. कर्ज काढताना जामीन काय ठेवतोय, हप्ता कधीपासून सुरू होणार, हे बँकेत बसून विचारून घ्यावं.

आणि एक प्रश्न मुलाला किंवा मुलीला घरात विचारावा : इथे काय मिळत नाही म्हणून तू चाललास? रखमाबाईंकडे याचं उत्तर होतं, म्हणून पाच वर्षांची मेहनत फुकट गेली नाही. उत्तर नसेल तर तिकीट काढायच्या आधी थोडं थांबायला हरकत नाही. आणि मुलीकडे उत्तर असेल, तर तिच्या लग्नाच्या वयाचा विषय मध्ये आणू नये.