पेन्सिल हातीं घेऊन वाचणारे डॉ. आंबेडकर

आपल्याकडे पुस्तकास चुकून पाय लागला, तर लगेच नमस्कार करितात. ही भावना चांगली आहे. परंतु पुस्तक कोरें करकरीत राखणें हाच त्याचा खरा मान, असें भोर-वेल्ह्याकडील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें, तें मात्र आम्हांस पटत नाहीं. याविषयीं डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें चरित्र फार बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजीं महू येथें झाला. अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मल्यामुळें सातारच्या शाळेंत त्यांस इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावें लागे. पुढें मुंबईस संस्कृत शिकण्याची इच्छा असतांही ती भाषा त्यांस घेऊं दिली नाहीं. फारशीवर समाधान मानावें लागलें. अशा मुलानें पुस्तकांशींच मैत्री जोडली. ते मॅट्रिक झाले, तेव्हां कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें.

बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1913 सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ त्यांस गुरु लाभले. पोटास चिमटा घेऊन त्यांनीं पुस्तकें जमविलीं. परंतु 1917 सालीं स्वदेशीं परततांना त्यांचें सामान ज्या जहाजांत होतें, तें महायुद्धांत शत्रूनें बुडविलें. पुस्तकें गेलीं, पण लक्षपूर्वक वाचलेलें गेलें नाहीं. आणि संग्रह त्यांनीं पुन्हां नव्यानें उभा केला.

या नव्या संग्रहांतील अनेक ग्रंथ मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयांत जपून ठेविले आहेत. त्यांत तांबड्या व निळ्या पेन्सिलीच्या रेघा व खुणा आढळतात. ड्यूई यांच्या लोकशाही व शिक्षण या विषयावरील ग्रंथांत त्यांनीं ज्या ओळी अधोरेखित केल्या, त्यांतील कांहीं विचार 1936 सालच्या जातिभेद-निर्मूलनावरील त्यांच्या निबंधांत पुन्हां भेटतात. हा निबंध मूळचा लाहोर येथील परिषदेसाठीं लिहिलेलें अध्यक्षीय भाषण. त्यांतील मतें चालकांस न पेलवल्यामुळें परिषदच रद्द झाली. तेव्हां त्यांनीं स्वखर्चानें 1500 प्रती छापून तें लोकांपुढें ठेविलें. गुरूनें अमेरिकेकडे पाहून लिहिलें; शिष्यानें तोच विचार येथील जातिभेदास लावून पाहिला. समासांतील रेघेचें फळ तें हेंच. ती ओढतांना वाचक थांबतो, निवड करितो, आणि हें माझ्या लोकांस लागू आहे काय, असें स्वतःस विचारतो.

1920 सालीं ते पुन्हां लंडनला गेले व ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचीत बसूं लागले. तेथील पुस्तकें सर्वांचीं. म्हणून हातांत टांचणाचे कागद. परततांना त्यांचे खिसे या टांचणांनीं भरलेले असत. 1923 सालीं लंडन विद्यापीठानें त्यांस डी. एस्सी. ही पदवी दिली. पुढें दादर येथें त्यांनीं राजगृह बांधलें, तें मुख्यतः ग्रंथांस जागा हवी म्हणून. 1947 सालीं राज्यघटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, तेव्हां तीस-पस्तीस वर्षांचें हें वाचन देशाच्या उपयोगीं पडलें. 6 डिसेंबर 1956 रोजीं दिल्ली येथें त्यांचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या पुस्तकावर रेघ ओढूं नका. तें तुमच्या मागून येणाऱ्या मुलाचेंही आहे. त्यासाठीं एक वही करा. परंतु जें पुस्तक तुमचें स्वतःचें, तें पेन्सिल घेऊन वाचा. सबंध पान रंगवूं नका, कारण सगळेंच महत्त्वाचें ठरविणारा कांहींच निवडीत नाहीं. जें पटलें तेथें खूण करा. जें पटलें नाहीं तेथें प्रश्न लिहा. वर्गांत ज्यास दूर बसविलें, त्या मुलानें थोर ग्रंथकारांशीं बरोबरीनें बोलण्याचा अधिकार असाच मिळविला. तो अधिकार मिळविण्यास धन लागत नाहीं, जातही लागत नाहीं. एक पेन्सिल व थोडें धैर्य पुरे.