त्रिंबकजी डेंगळे : आरोप आणि राजनीती

एखाद्या राष्ट्राच्या नेत्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अटकेचे वॉरंट काढल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. सुदानचे अध्यक्ष ओमर अल् बशीर यांच्यावर २००९ मध्ये असे वॉरंट निघाले. अशा वेळी न्याय कोठे संपतो आणि राजकीय दबाव कोठे सुरू होतो, हा प्रश्न पडतो. मराठी इतिहासात हाच प्रश्न त्रिंबकजी डेंगळे यांच्या चरित्रातून उभा राहतो.

त्रिंबकजी मूळचे नगर जिल्ह्यातील निमगाव जाळीचे. १८०२ मध्ये दुसरे बाजीराव महाडला आश्रयास असताना, पुण्याचा निरोप तत्परतेने पोहोचवणारा जासूद म्हणून ते पेशव्यांच्या नजरेत भरले. पुढे ते कारभारी झाले. इंग्रजांचे वर्चस्व झुगारण्याच्या धोरणामुळे पुण्याचा रेसिडेंट एलफिन्स्टन याला ते प्रमुख विरोधक वाटत.

गायकवाड आणि पेशवे यांच्यातील हिशेबाचा वाद मिटवण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ मध्ये इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. एलफिन्स्टनने त्रिंबकजींवर आरोप ठेवून त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. बाजीरावांनी प्रथम टाळाटाळ केली. सप्टेंबरमध्ये मात्र त्यांना नमते घ्यावे लागले.

कैद्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड ही आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर आहेत, त्याच्याच ईशान्य टोकाला इंग्रजांनी १७७४ मध्ये घेतलेला हा किल्ला आहे. आज तेथे कारागृह आहे. पहारेकरी युरोपीय होते, त्यांना मराठी समजत नसे. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मराठी मोतद्दाराने गाण्यातून निरोप पोहोचवले, असे इतिहासकार सांगतात. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले.

येथून आरोपाचे रूप पालटले. मे १८१७ मध्ये एलफिन्स्टनने महिनाभरात त्रिंबकजींना हवाली करण्याची आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड तारण देण्याची मागणी केली. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांनी त्रिंबकजींचा अपराध मान्य केला. त्याचबरोबर मराठा सरदारांचे प्रमुखपद, इतर दरबारांत वकील ठेवण्याचा अधिकार, गायकवाडांवरचे जुने दावे आणि अहमदनगरचा किल्ला सोडला. शिवाय सुमारे ३४ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख दिला. एका खुनाच्या आरोपाशी यांतील बहुतेक कलमांचा संबंध नव्हता, हे तुमच्या लक्षात येईल.

पाचच महिन्यांत खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्याच वर्षी त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले. उत्तर भारतातील चुनारच्या किल्ल्यात कैदेत असतानाच १८२९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर खुला खटला कधीच चालला नाही.

या चरित्राचा अभ्यास करताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. आरोप खरा होता का, हा पहिला. त्याचा उपयोग कशासाठी झाला, हा दुसरा. गंगाधरशास्त्र्यांचा खून निर्विवाद घडला, आणि त्याच्या न्यायाची मागणी रास्तच होती. परंतु खटला न चालल्याने पहिल्या प्रश्नाचे न्यायालयीन उत्तर मिळाले नाही आणि मृत शास्त्रीही न्यायाला मुकले. दुसऱ्याचे उत्तर मात्र तहाच्या कलमांत स्पष्ट लिहिलेले आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : पुणे तहातील कोणती कलमे न्यायासाठी होती व कोणती सत्तेसाठी, ते सकारण लिहा.